डाव्या अंगठ्याचं नख

डिसेंबर १९७३ मध्ये नागपुरात माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं. जेवणात मटण होतं. नवऱ्याकडच्या एकाही माणसानं ते खाल्लं नाही. बोकड माझ्या वडिलांनी कापला होता.

आमची गल्ली अजनीच्या रेल्वे वसाहतीमागे होती. लोक तिला शनवार गल्ली म्हणत. तिथे राहणारे आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणाच्या किनाऱ्याला लागले, असं आजोबा सांगत. पुरावा कोणाकडेच नव्हता. पुढचं मात्र ठाऊक होतं. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आजोबा पेणकडचं गाव सोडून रेल्वेच्या नोकरीत नागपूरला आले. त्यांच्या मागोमाग त्यांचे नातलग आले. एका वेळी गल्लीत आमची अकरा घरं होती. माझ्या बहिणीच्या लग्नापर्यंत चार उरली होती. बाकीचे मुंबईला नाहीतर इस्राएलला गेले होते. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तेवढेही आमच्यात आता भरत नव्हते. तरी दर शुक्रवारी कोपऱ्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत दिवा लागे. काचेच्या पेल्यात अर्धं पाणी, वर खोबरेल, त्यात वात. समोर काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत. वाइन नागपुरात मिळाली असती, पण ती कोणी गाळली हे कसं कळणार, असं वडील म्हणत.

आमचं जेवण कोकणातून जसंच्या तसं आलं होतं. ते नागपुरात टिकवणं हे घरातल्या बायकांचं काम होतं. मांसाबरोबर दूध, दही, तूप चालत नाही, म्हणून मटणाला नारळाचं दूध. नारळ मुंबईकडून येणाऱ्या गाडीचे गार्ड आणून देत. मासा खवल्यांचा हवा. बाजारात रोहू मिळे, वाम आणि झिंगे घरात येत नसत. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा. उपासाच्या एका सणाला सोललेल्या वालांचं बिरडं. वसंतातल्या सणात आंबवलेलं काही चालत नाही, म्हणून त्याआधी आंबट पाण्याची बरणी झाकून माळ्यावर जाई आणि घरातली भांडी खळखळत्या पाण्यात बुडवून निघत. गल्लीतल्या इतरांना हे सगळं ठाऊक होतं. समोरच्या घरात दीक्षा घेतलेलं बौद्ध कुटुंब राही. त्या घरच्या काकू दर शनिवारी सकाळी येऊन आमची शेगडी पेटवून देत, कारण त्या दिवशी आम्ही विस्तव पेटवत नाही.

"काहून वं वहिनी," त्या आईला म्हणत, "मी गावाले गेली तं तुमचा देव तुमाले चहा देते काय?"

"नाही. आम्ही थंड पाणी पितो आणि तुम्हाला शिव्या देतो," आई म्हणे.

त्यांना आमचं मटण मिळमिळीत वाटे. "तुमच्या मटनाले तिखटच नाही. दुधात शिजवल्यावाणी लागते."

यावर आई प्रत्येक वेळी चिडत असे. "दूध नाही हो ते! दूध कसं घालू? नारळ आहे, नारळ!"

मांस काशेर असायला, म्हणजे आम्हाला चालायला, ते ठराविक रीतीनं कापावं लागतं. शिकलेला माणूस लागतो, प्रार्थना लागते आणि सुरी लागते. सुरीला टोक नसतं. पातं लांब आणि सरळ असतं. धारेला केसाएवढी खाच असली तरी ते जनावर वर्ज्य होतं. म्हणून कापण्याआधी आणि नंतर धार नखावरून ओढून पाहतात. डोळ्यांना न दिसणारी खाच नखाला लागते. मुंबईत हे काम हझान करतात, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. नागपुरात हझान नव्हता. वडील तरुणपणी सुट्टी काढून मुंबईला गेले, तिथे एका वृद्ध हझानांकडे हे काम शिकले आणि परत आले. ते रेल्वेच्या कॅरेज-वॅगन विभागात फिटर होते. दर गुरुवारी ड्युटीवरून आले की गल्लीतल्या घरांच्या कोंबड्या आमच्या मागच्या अंगणात येत. ते लाकडी पेटीतून सुरी काढत, डाव्या अंगठ्याच्या नखावर तिची धार दोन्ही अंगांनी ओढत आणि मान हलवत. ती मान हलली की गल्लीची शुक्रवारची चूल पेटे. कोणी हौसेनं विचारलंच, "बघितलंत ना नीट?" तर ते अंगठा वर करून दाखवत.

गल्लीत वडिलांना दुसरा कोणताही मान नव्हता. आमचं घर सगळ्यांत लहान होतं आणि त्यांचा हुद्दाही सगळ्यांत खालचा. पण त्यांच्या हातचं सगळे खात.

१९६९ च्या पावसाळ्यात यार्डात काम करताना त्यांचा डावा अंगठा मालडब्याच्या ब्रेकखाली सापडला. रेल्वेच्या दवाखान्यात नख काढलं. काही महिन्यांनी नवं आलं. ते जाड, पिवळसर आणि करवंटीच्या तुकड्यासारखं वाकडं होतं. हात बरा झाल्याबद्दल आईनं एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा केला. आमच्यात नवस फेडायला, लग्न ठरलं की, घर बांधलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, खोवलेलं खोबरं, वर खोबऱ्याचे काप आणि भोवती फळं. कोकणात जी फळं असत त्यांच्या जागी आमच्या ताटात संत्री आली होती. त्या मलिद्यानंतरच्या गुरुवारी वडिलांनी पुन्हा पेटी काढली. सुरी पूर्वीसारखीच डाव्या अंगठ्यावर ओढली. मान हलवली. अंगण माणसांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी नवं नख पाहिलं. कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

लग्न रविवारी होतं. नवरा ठाण्याचा. त्याचे काका मुंबईत हझान होते आणि लग्न तेच लावणार होते. साडी, अंतरपाटाचं कापड, पाहुण्यांचे आहेर गांधीबागेतून आणले होते. बोकड वडिलांच्या खात्यातल्या एका माणसानं पारशिवनीहून आणून दिला. मी त्या वेळी एका दैनिकात उपसंपादक होतो. माझ्या मुख्य उपसंपादकांना आणि आणखी दोघा सहकाऱ्यांना मी जेवायला बोलावलं होतं. ते नागपूरचे होते आणि मटणाबद्दल त्यांची मतं ठाम होती.

शनिवारी आकाशात चांदण्या दिसल्या, शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, संपला आणि मलिद्याची तयारी सुरू झाली. वडिलांची मोठी बहीण, आमची आत्या, कोकणातून आली होती. ती विधवा होती. मुलं नव्हती. लग्नाच्या घरात आपला कुठे अडथळा होऊ नये म्हणून ती स्वयंपाकघर सोडत नसे. नारळ तिनंच फोडले. वडिलांनी सुरीला आदल्या गुरुवारी धार लावून ठेवली होती. सकाळी लवकर लागणार म्हणून मलिद्याच्या आधी पेटी फळीवरून खाली काढून ठेवली.

रविवारी पहाटे त्यांनी बोकड कापला. आधी नख, नंतर नख. दोन्ही वेळा मान हलली. बायकांनी मांस पाण्यात ठेवलं, मीठ लावलं, धुतलं आणि चुलीवर चढवलं.

वऱ्हाड सकाळच्या मेलनं उतरलं. चहापाणी झाल्यावर वडील पेटी घेऊन अंगणात आले. गावात हझान आले की कापणारा आपली सुरी त्यांना दाखवतो, अशी रीत आहे. कोणी मागितली नव्हती. वडील आपणहून घेऊन आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. पेटी दोन्ही हातांनी पुढे केली.

"जरा नजर टाका. इथे दाखवायला कोणी भेटत नाही," ते म्हणाले.

काका हसले. "वाघाच्या सुरीवर मांजरानं काय नजर टाकायची?"

त्यांनी सुरी काढली, सूर्याकडे धरली आणि आपल्या नखावर ओढली. पालटली, पुन्हा ओढली. मग एका जागी थांबले. तीच जागा बोटाच्या मांसावर घेतली. सुरी फडक्यात गुंडाळली.

"आणखी थोडा चहा मिळेल का?" त्यांनी मला विचारलं.

मी चहा घेऊन परत आलो तेव्हा ते दोघे पेरूच्या झाडाखाली बाजेवर बसले होते. वऱ्हाडातले चार-पाच पुरुष जरा दूर उभे होते. बोलणं ऐकू येत होतं.

"ही खाच कधीची?"

"खाच नाही तिला," वडील म्हणाले. "पहाटे पाहिली. दोनदा."

"कशावर पाहिली?"

वडिलांनी अंगठा दाखवला. काकांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. "डोळे मिटा," ते म्हणाले. खिशातून काडेपेटी काढून एक काडी त्यांनी त्या नखावरून आडवी ओढली. मग उभी ओढली.

"काय लागलं?"

"ओढा ना," वडील म्हणाले.

वडिलांनी डोळे उघडले. काडी काकांच्या हातात होती.

"मी कोणाला काही सांगणार नाही," काका हळू म्हणाले. "आमच्या माणसांना भात आणि बिरडं वाढा. प्रवासानं पोटं बिघडलीत म्हणू. लग्न काय थांबतंय थोडंच."

"तुमच्या माणसांना बिरडं," वडील म्हणाले, "आणि माझ्या माणसांना?"

ते उठून घरात आले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "सुरीला काल कोणी हात लावला होता का?"

आई नाही म्हणाली. गल्लीतल्या दोघी नाही म्हणाल्या. आत्या कोपऱ्यात वाल सोलत होती. तिनंही मान न उचलता नाही म्हटलं.

खाच आदल्या दिवसाची असती तर फक्त तो बोकड वाया जाणार होता. तशी नसेल तर १९६९ पासून गल्लीतल्या घरांनी काय खाल्लं, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. वडिलांनी ते तिथल्या तिथे ओळखलं. मला उशिरा कळलं.

संध्याकाळी लग्न लागलं. पंगतीत आमच्या समाजाच्या सगळ्यांना भात, बिरडं आणि बटाटे वाढले. मटण टाकून द्यायचं नव्हतं. इतरांनी ते खायला कसलीच हरकत नव्हती. म्हणून ते समोरच्या काकूंच्या घरच्यांना, वडिलांच्या खात्यातल्या लोकांना आणि माझ्या सहकाऱ्यांना गेलं. पातेलं माझ्या हातात होतं. एका पंगतीत मी वाढत होतो आणि तिथे पोचायला मला दुसरी पंगत ओलांडावी लागत होती. नवऱ्याकडचे पुरुष पानाकडे पाहत होते. कोणी वर पाहत नव्हतं. काकांनी काही सांगितलं नव्हतं, पण अंगणातली काडी चार-पाच जणांनी पाहिली होती.

समोरच्या काकूंनी पहिल्यांदाच आमच्या मटणाची तारीफ केली, आणि मोठ्यानं.

"आज जमलं वं वहिनी! एवढं झकास मटन, अन् तुमचे पाव्हणे बटाटे खाऊन राहिले? बिमार हायेत काय सारे?"

आईनं त्यांच्या पानात आणखी वाढलं आणि ती आत गेली. माझ्या मुख्य उपसंपादकांनी हाड चोखत मला तेच विचारलं. मी सांगितलं की नवऱ्याकडचे लोक शाकाहारी आहेत. "ज्यू आणि शाकाहारी?" ते म्हणाले. "बातमी आहे ही. दोन परिच्छेद लिहा." पंगत हसली. वडील जवळच पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मला त्या वेळी लाज वाटली ती त्यांची. ते बाजूला व्हावेत असं मला वाटत होतं. ते शेवटचा माणूस उठेपर्यंत पाणी वाढत राहिले.

ताई दुसऱ्या दिवशी सासरी गेली. त्यानंतरच्या रविवारी वडील गल्लीतल्या तिन्ही घरी गेले. मी बरोबर होतो. ते आत गेले नाहीत. प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहून तेच बोलले: सुरीला खाच निघाली, कधीची माहीत नाही, माझं नख मेलं आहे, माझ्या हातचं खाऊ नका, भांडी उकळून घ्या.

पहिल्या दोन घरी फार बोलणं झालं नाही. एका घरातून "बरं" आलं. दुसऱ्या घरी म्हणाले, बसा तरी. कोपऱ्यावरच्या घरी मावशी एकट्या राहत. मावशींचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. शेवटच्या आजारात त्यांना कोंबडीच्या सारावर ठेवलं होतं. कोंबड्या आमच्याच अंगणात कापल्या होत्या.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे माझा म्हातारा तेच खाऊन गेला?"

"माहीत नाही, मावशी."

"तुला माहीत नाही तर कोणाला माहीत असणार रे?"

मावशींनी दार लावलं नाही. त्या आत गेल्या आणि मातीची दोन मडकी घेऊन आल्या. मातीचं भांडं उकळून चालत नाही. त्यांनी ती आमच्यासमोर पायरीवर फोडली. मग झाडू आणून खापऱ्या गोळा केल्या.

त्या दुपारी चारही घरांसमोर विटांच्या चुली मांडल्या गेल्या. पाण्याचे हंडे चढले. तांब्यापितळेची भांडी दोरीला बांधून उकळत्या पाण्यात सोडली. हे काम वर्षात एकदा, वसंतातल्या सणाआधी होतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. समोरच्या काकू पदर खोचून आल्या.

"काहून वं, यंदा तुमचा सण लवकर आला काय?"

आई धुराकडे तोंड करून बसली होती. "हो," ती म्हणाली.

"मंग सांगायचं ना! मी लाकडं दिली असती." आणि त्या खरोखरच लाकडं घेऊन आल्या. आमच्या चुलीत त्यांनीच ती सारली.

लग्नानंतर आमच्या घरांत मांस जवळपास शिजलंच नाही. मुंबईहून कोणी आलं आणि कोंबडी कापून गेलं, असं दोन-तीनदा झालं. एरवी रोहू आणि अंडी. वडिलांनी मुंबईच्या माणसानं कापलेलंही खाल्लं नाही. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. गुरुवारी ते ड्युटीवरून आले की मागच्या अंगणात जात, पेरूला पाणी घालत आणि परत येत. शुक्रवारच्या प्रार्थनेला ते मावशींच्या पुढच्या खोलीत दाराजवळ बसू लागले. पूर्वी त्यांची जागा दिव्याशेजारी होती. जागा बदला असं कोणी म्हटलं नव्हतं. परत इकडे या असंही कोणी म्हटलं नाही. मी त्या काळात कामावर रात्रपाळी मागून घेतली. शुक्रवारी मला जाता येईना.

१९७६ मध्ये गल्लीतलं एक घर इस्राएलला गेलं, १९७९ मध्ये दुसरं. स्टेशनावर दोन्ही वेळा वडील पोचवायला गेले होते. दुसऱ्या वेळी निघणाऱ्या कुटुंबातल्या माणसानं त्यांना मिठी मारली. "तिकडे चिकन दुकानात मिळतं म्हणे. सुरी बघायची भानगडच नाही," तो म्हणाला. त्याला हसवायचं होतं. वडील हसले.

वडील १९८३ च्या फेब्रुवारीत वारले. सातव्या दिवशी आमच्यात मलिद्याचं ताट मांडतात. आत्या आली होती. ती आता वाकली होती. हातात काठी होती. आई स्वयंपाकघरात नारळ फोडत होती. खोबरं करवंटीला धरून बसलं होतं. मी संत्र्यांची पिशवी घेऊन दारात होतो.

"दगडावर आपट," आत्या म्हणाली. "आतून काही घालू नकोस."

"नाही घालत, वन्सं."

आत्यानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "त्या दिवशी घातली होती."

"काय घातली होती?"

"सुरी. तुझ्या लेकीच्या मलिद्याला. काप निघत नव्हते. पेटी खालीच होती. कडेनं घातली आणि उचकटलं. कट् झालं. मी पुसून ठेवली."

आईच्या हातात अर्धा नारळ होता. "त्यांनी दारात उभं राहून विचारलं होतं, वन्सं."

"विचारलं होतं."

"तुम्ही नाही म्हणालात."

"लग्नाचं घर. त्यात मी अशी. म्हटलं, पाहुणे गेले की सांगते. मग तो घरोघरी जाऊन आला. मडकी फुटली. त्यावर काय सांगणार होते? दर वर्षी येताना ठरवून यायचे गं."

आईनं नारळ खाली ठेवला. दुसरा उचलला, दगडावर आपटला आणि काप काढले. आत्यानं फळं पुसून दिली. संध्याकाळी प्रार्थना झाली. गल्लीत आमच्यातला पुरुष आता मी एकटाच होतो, म्हणून मुंबईहून आलेल्या नातलगांनी ती म्हटली. त्यानंतर आईनं मलिद्याची एक वाटी भरली, वर पदर घेतला आणि ती कोपऱ्यावरच्या घरी गेली. मी सोबत गेलो. मावशींना आता नीट दिसत नव्हतं. गुडघ्यांमुळे त्या प्रार्थनेलाही आल्या नव्हत्या. आई त्यांच्याजवळ बसली आणि आत्यानं सांगितलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. खाच लग्नाच्या आदल्या संध्याकाळची होती. त्याआधीची नव्हती असं म्हणायला आता जागा होती. पक्कं कोणीच सांगू शकत नव्हतं.

"म्हणजे माझ्या म्हाताऱ्यानं खाल्लं, त्या वेळी सुरी चांगली होती," मावशी म्हणाल्या.

"हो," आई म्हणाली.

"त्याला कळलं का हे? तुझ्या नवऱ्याला?"

"नाही."

मावशींनी वाटी चाचपून घेतली आणि मलिदा खाल्ला. वाटी विसळून परत दिली. हे कळवायला इस्राएलला गेलेल्या दोन्ही घरांचे पत्ते आमच्याकडे नव्हते.